गिधाडं गेली, तेव्हा माणसंही गेली
आरोग्याचा भोवताल : लेखांक ६

गिधाडं संपली म्हणून माणसं मेली, असं कुणी पारावर बोललं तर लोक हसतील. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मात्र २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये नेमकं हेच मांडलं. २००० ते २००५ या काळात भारतात त्यापायी सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. गेल्या आठवड्यात आपण चुलीच्या धुराबद्दल वाचलं. तिथे कारण आणि आजार एकाच छपराखाली होते. इथे दोघांत बरंच अंतर आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

बैल लंगडायला लागला, गायीच्या कासेला सूज आली, की डायक्लोफिनॅक टोचायचं, ही पद्धत १९९० च्या दशकात रुळली. मुळात हे माणसांचं वेदनाशामक. पेटंट संपलं, ते स्वस्तात बनू लागलं आणि १९९४ च्या सुमारास गोठ्यात पोचलं. शेतकऱ्याचं यात काहीच चुकलं नाही, जनावराचं दुखणं थांबत होतं. पण औषध दिल्यावर जनावर लगेच मेलं, तर ते औषध मांसात उरायचं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडायचं आणि युरिक आम्लाचा पांढरा थर थेट काळजावर, यकृतावर साचायचा. भरतपूरच्या अभयारण्यातली गिधाडं घटत असल्याचं विभू प्रकाश यांनी आधीच टिपलं होतं. संशय मात्र बरीच वर्षं एखाद्या साथीवर होता. लिंडसे ओक्स यांच्या गटाने पाकिस्तानातली मेलेली गिधाडं तपासून २००४ मध्ये खरा गुन्हेगार दाखवला. एका जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते. त्यामुळे शंभरात एकाहून कमी जनावरांत विष असलं, तरी जात संपायला तेवढं पुरतं. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ ते २००७ दरम्यान ९९.९ टक्के घटली. म्हणजे हजारांमागे एक उरलं.

गिधाडांचा थवा मेलेली गाय पाऊण तासाच्या आत हाडांपर्यंत साफ करतो. ते थांबल्यावर गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागी मांस सडत राहिलं. त्यावर कुत्री आणि उंदीर पोसले, काही मढी ओढ्यानाल्यांत गेली. कुत्री वाढली तसे चावेही वाढले.

आता खरा प्रश्न. मृत्यूच्या दाखल्यावर ‘गिधाड नसल्यामुळे’ असं कुणी लिहीत नाही. मग हे मृत्यू मोजले कसे? फ्रँक आणि सुदर्शन यांनी जिल्हे दोन गटांत पाहिले. एका गटात गिधाडांना पूर्वीपासून मानवणारे जिल्हे, दुसऱ्यात जिथे ती फारशी नव्हतीच असे. १९९४ आधी दोन्हीकडचा मृत्युदर जवळपास सारखाच चालत होता. नंतर पहिल्या गटात तो चार टक्क्यांहून जास्त वाढला, दुसऱ्यात तशी वाढ दिसली नाही. शिवाय गिधाडांच्या जिल्ह्यांत रेबीजच्या लशींची विक्री वाढली आणि पाण्यातले विष्ठाजन्य जंतूही वाढले. एकटा मृत्युदर असता तर मी एवढा विश्वास ठेवला नसता. तीन वेगळ्या नोंदी एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती मानावी लागते. याच शोधनिबंधात नुकसान वर्षाला ६९ अब्ज डॉलरहून अधिक काढलंय. तो आकडा मला डळमळीत वाटतो. जिवाची किंमत किती धरायची, यावर तो हवा तसा हलतो.

इथे एक सांगायलाच हवं. गिधाडांच्या काळाचं फार गोड चित्र रंगवू नये. ढोर ओढायचं आणि फाडायचं काम गावाने जातीच्या नावाखाली काही माणसांच्या माथी मारलं होतं. मृतमांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितलं, ते त्याच व्यवस्थेविरुद्ध. मेलेल्या जनावराची विल्हेवाट हे पंचायतीचं, नगरपालिकेचं काम आहे असं तेव्हा कुणी मानलं नाही. म्हणूनच पक्षी गेल्यावर ते काम करणारं कुणी उरलं नाही. अंदाजपत्रकात त्यासाठी कधी रकाना नव्हताच.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी तीन मिलिलिटरवर आणली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय बाजारात आहे. रायगडच्या चिरगावात गावकऱ्यांनी गिधाडांची वस्ती जपलीय, आणि हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. वर्षाला एक अंडं, हा हिशेब मात्र बदलत नाही. नवं वेदनाशामक विकायला काढण्याआधी ते गिधाडांना चालतं का, हे तपासण्याची सक्ती असती तर बरंच टळलं असतं. असेक्लोफिनॅकचंच बघा. गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. तरी त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं.

(पुढील लेखांकात : रेबीजची लस गावापर्यंत पोचते कशी)