वेबसाइट रंगवायची, दुरुस्त करायची की पाडायची?



आपल्या हॉस्टेलवर एक साइड बिझनेस जोरात चालतो, तो म्हणजे वेबसाइट करून देणे! सेकंड इयर संपेपर्यंत थोडंफार कोडिंग हाताला लागतं आणि मग कुठल्यातरी लग्नात काका, मामा किंवा बाबांचे मित्र गाठतातच. "काय गं, कॉम्प्युटरला आहेस ना? आमची वेबसाइट फार जुनाट दिसते. नवीन करून दे की!" आपणही लगेच "हो" म्हणतो. पॉकेटमनी मिळतो, रिझ्युमेवर एक ओळ वाढते. पण त्या वेबसाइटला रिडिझाइनची खरंच गरज आहे का, हे कोणीच विचारत नाही. पैसे मात्र समोरच्याचे जातात. छोट्या धंद्यात ती रक्कम म्हणजे एखाद्या कामगाराचा दोन-तीन महिन्यांचा पगार असू शकतो. म्हणून हा लेख. (शिक्षण कॉन्व्हेंटमधलं असल्यामुळे भाषेचं जरा सांभाळून घ्या!)

मुंबईत तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. इंजिनिअर येतो, खांब-तुळया तपासतो आणि मग ठरतं की नुसतं रंगकाम पुरे, दुरुस्ती हवी, की रिडेव्हलपमेंटलाच द्यायची. रंग उडालाय म्हणून कोणी बिल्डिंग पाडत नाही. वेबसाइटचंही अगदी तसंच आहे.

आधी चुकीची कारणं

"शेजारच्या दुकानदाराने नवीन केली", "मला हा निळा रंग बघून कंटाळा आला" ही कारणं आपण नेहमी ऐकतो. पण मालक आपली साइट रोज बघतो, गिऱ्हाईक वर्षातून एकदा बघतं! कंटाळा मालकाला येतो, गिऱ्हाइकाला नाही. उलट रोज येणाऱ्या लोकांना सवय झालेली असते, आणि सवय मोडली की लोक चिडतात.

याची दोन मोठी उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या डिग या लोकप्रिय साइटने ऑगस्ट २०१० मध्ये एकदम नवं रूप आणलं. वापरणाऱ्यांच्या आवडीच्या सोयी त्यात गेल्या, लोक भडकले आणि मोठ्या संख्येने रेडिटकडे वळले. २०१२ मध्ये डिग विकली गेली. दुसरं उदाहरण ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरचं. त्यांची साइट ॲमेझॉनच्या यंत्रणेवर चालत होती, ती त्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वतःच्या यंत्रणेवर आणली. खर्च सुमारे १५ कोटी पौंड! जुन्या ग्राहकांना नव्याने नोंदणी करावी लागली, आणि जूनअखेर संपलेल्या तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली. म्हणजे कारण योग्य असलं तरी रिडिझाइनची किंमत मोजावी लागतेच. मग कारणच योग्य नसेल तर?

खरी लक्षणं कोणती?

१) मोबाइलवर हाल होतात. हॉस्टेलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर साइट उघडा आणि मालकाचा फोन नंबर शोधून एका हाताने फोन लावून बघा. दोन बोटांनी झूम करावं लागलं, तर दुखणं मोठं आहे. जुन्या साइट्स ८०० बाय ६०० च्या मॉनिटरसाठी टेबलं मांडून केलेल्या असायच्या. स्क्रीनप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या डिझाइनला ईथन मार्कोटने मे २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं. एप्रिल २०१५ पासून गुगल मोबाइलवरच्या सर्चमध्ये मोबाइलला सोयीच्या पानांना झुकतं माप देऊ लागलं. जुन्या टेबलांवर बांधलेली साइट असेल तर मलमपट्टी करत बसू नका. हा रिडेव्हलपमेंटचा मामला!

२) साइट फार हळू आहे. गुगलच्या मोजपट्टीप्रमाणे पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळायला हवा. पण इथे घाई करू नका. पुष्कळदा दोष एखाद्या पाच एमबीच्या फोटोचा असतो. फोटो लहान केला की काम झालं. ही दुरुस्ती, रिडिझाइन नव्हे.

३) खालचं तंत्रज्ञानच मेलंय. एके काळी फ्लॅशमधले नाचणारे मेनू म्हणजे शान होती! ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट बंद केला. इंटरनेट एक्सप्लोरर ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. यांच्या भरवशावरची साइट आता नव्यानेच बांधावी लागते. मराठी साइट्सचं आणखी एक दुखणं म्हणजे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. तो फॉन्ट नसेल तर पानावर नुसती विचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात आणि सर्चला तो मजकूर मराठी आहे हे कळतच नाही. तिथे आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, रंगाचं नंतर बघू. मात्र ब्राउझर 'नॉट सिक्युअर' म्हणतोय, एवढ्यावरून घाबरू नका. जुलै २०१८ पासून क्रोम सगळ्याच एचटीटीपी साइट्सना असं म्हणतो. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, तेवढं बसवा.

४) एक ओळ बदलायलाही माणूस लागतो. भाव बदलला, दिवाळीची सुट्टी टाकायची आहे, पण साइट करणारा मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला आणि फोन उचलत नाही! मालकाला स्वतः मजकूर बदलता येत नसेल तर साइट शिळी होणारच.

५) धंदाच बदलला. माझ्या मते हे सगळ्यात भक्कम कारण. आधी फक्त होलसेल होतं, आता घरपोच विक्री आहे. आधी एक दुकान, आता तीन शाखा. साइट जुन्याच धंद्याची जाहिरात करत असेल तर ती कितीही सुंदर असो, चुकीचीच आहे.

६) आकडे सांगतात. सहा महिन्यांत किती लोक आले आणि त्यातल्या किती जणांनी चौकशी केली, हे बघा. येणारे तेवढेच पण चौकशा घटल्या, तर साइट तपासायला हवी. (भाव वाढवलेत का, हेही विचारा!) येणारेच कमी झाले असतील तर आधी सर्च आणि जाहिरात बघा.

मामांच्या वर्कशॉपचं ऑडिट

माझ्या मामांचं भोसरीला पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. त्यांनाही नवीन साइट हवी होती. म्हटलं, "मामा, आधी तपासू तर द्या!" साइट सात वर्षांची, पण मोबाइलवर नीट उघडत होती. मग दोष सापडत गेले. फोन नंबर बॅनरच्या फोटोत छापलेला, त्यामुळे त्यावर बोट ठेवून फोन लागत नव्हता. नकाशा जुन्या शेडचा पत्ता दाखवत होता. आणि चौकशीचा फॉर्म जात होता नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ई-मेलवर! तो ई-मेल उघडला तेव्हा आत बऱ्याच चौकशा पडून होत्या. एका सोसायटीने तर तीनदा लिहिलं होतं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन संध्याकाळी बसून मी एवढंच दुरुस्त केलं; फी म्हणून मामींच्या हातची मिसळ. नवीन साइट केली असती तर दिसायला झकास झाली असती, पण ई-मेल तपासला नसता तर फॉर्म त्याच बंद पेटीत जात राहिला असता. पुढे मामा वार्षिक देखभालीची कामं घेणार आहेत. तेव्हा धंदा बदलेल, तेव्हा रिडिझाइनचं बघू.

पाडायचं ठरलंच तर...

आधी पूर्ण बॅकअप घ्या. डोमेन आणि होस्टिंग मालकाच्या नावावर आहे ना, पासवर्ड त्याच्याकडे आहेत ना, हे बघा. आजचे आकडे लिहून ठेवा, नाहीतर फरक पडला की नाही हे कळणार कसं? जुन्या पानांचे पत्ते बदलणार असतील तर प्रत्येकाला ३०१ रिडायरेक्ट लावा आणि ते निदान वर्षभर ठेवा, म्हणजे सर्चमधली कमाई बुडणार नाही. आणि साइट सुरू करण्याआधी पाच लोकांना वापरायला द्या. पाच जणांत बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात, असं जेकब नील्सनने २००० साली लिहून ठेवलंय. ते पाच जण कॉम्प्युटर ब्रँचचे मात्र नकोत!

तेव्हा पुढच्या लग्नात कोणी गाठलं तर "हो" म्हणण्याआधी एवढंच विचारा, "काका, दुखतंय नेमकं कुठे?" कधीकधी "तुम्हाला नवीन साइटची गरज नाही" असं सांगावं लागेल. पॉकेटमनी बुडेल खरा, पण काका पुढच्या वेळी विचारायला तुमच्याकडेच येतील!