तहान लागायची वाट पाहू नका



घरातल्या वडीलधाऱ्यांना "उन्हात जपा" म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "आम्ही कोकणात वाढलो, आम्हाला ऊन काय सांगता!" पण तिकडे एप्रिल-मे काढला की जूनमध्ये पाऊस येतो. इथे इस्रायलमध्ये जून ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतोच, आणि खरा कडाका जुलै-ऑगस्टमध्ये असतो.

दुसरा फरक घामाचा. घाम वाळताना अंग थंड होतं. दिमोना, येरुहाम, बेरशेबा इकडे हवा कोरडी, घाम आल्या आल्या वाळतो. कपडे भिजत नाहीत, म्हणून वाटतं घाम येतच नाही. पण शरीरातलं पाणी आणि मीठ जात असतं. अश्दोदला उलट, मुंबईसारखी दमट हवा. तिथे घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही.

त्यात वय वाढलं की तहान कमी लागते. म्हणून तहानेवर भरवसा ठेवू नका. दर तासाला थोडं थोडं पाणी प्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय असं समजा. ताक, लिंबूपाणी, कोकमाचं सरबत चांगलं, मात्र मधुमेह असेल तर साखर आणि रक्तदाब असेल तर मीठ सांभाळून. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असेल, किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर किती पाणी प्यायचं ते आपल्या कुपात खोलीमच्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका.

दुपारी ११ ते ४ बाहेरची कामं टाळा. विजेच्या बिलाच्या भीतीने मझगान बंद ठेवू नका. बाहेर ४० अंशांच्या वर गेलं की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. आणि बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका.

आपला बिरड्याचा रोजा, म्हणजे तिशा बेआव, नेमका याच दिवसांत येतो. सुमारे २५ तास पाण्याचा थेंब नाही. आदल्या दिवशी सकाळपासूनच पाणी पीत राहा, संध्याकाळी एकदम तांब्याभर पिऊन उपयोग नाही. आजारी माणसाला धर्मानेच सूट दिली आहे. डॉक्टरांना आणि रब्बींना आधी विचारा. जीव वाचवणं ही मोठी मित्स्वा आहे, त्यात कमीपणा नाही.

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत बसवा, घोट घोट पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. लगेच १०१ ला, मागेन दाविद आदोमला फोन करा. तोवर कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आपली बरीच म्हातारी माणसं एकटी राहतात. कडक उन्हाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ त्यांना फोन करा. "बऱ्या आहात ना?" एवढंच विचारू नका, त्याला "हो" असंच उत्तर येतं. "आज किती ग्लास पाणी प्यालात, मावशी?" असं विचारा.