पगार आमचा, बदली ओटावाची

2011 च्या हिवाळ्यात कोणीतरी माझ्या गाडीची काच फोडून जिमची बॅग पळवली. आतल्या बुटांना नुकताच वास यायला लागला होता, त्यामुळे दुःख काचेचंच जास्त. फोन केल्यावर दुपारी पोलीस आला. गडद निळ्या पँटला पिवळा पट्टा, गाडीच्या दारावर घोडेस्वाराचं चित्र. चित्रातला तो लाल कोट मात्र नाही, तो समारंभापुरता. पोरगा नोव्हा स्कोशियाचा, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा. रेजायनाच्या अकादमीत शिकून थेट इथे. विम्यासाठी कार्डावर फाइल नंबर लिहून दिला, काचा हाताने भरू नका म्हणाला आणि गेला.

मी पुण्याचा, राहतो कॅनडात. शहर सरे, प्रांत ब्रिटिश कोलंबिया आणि पोलीस मात्र देशाचे, हे काही पचेना. चौकीत सीआरपीएफच्या जवानाने सायकलचोरीची तक्रार लिहून घ्यावी, तसंच हे!

पोलीसकाम इथेही प्रांताचंच. प्रांताचं स्वतःचं दल होतं. 1950 मध्ये ते बंद करून रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांना कंत्राट दिलं, तेही 15 ऑगस्टला. सध्याचा करार 2012 चा, 20 वर्षांचा. प्रांताच्या कामाचा 70 टक्के खर्च प्रांत उचलतो, 30 टक्के केंद्र, म्हणजे ओटावा. वस्ती 5 हजारांवर गेली की भार गावावर येतो: 15 हजारांपर्यंत 70 टक्के, पुढे 90. व्हँकूवरने मात्र पहिल्यापासून स्वतःचे पोलीस ठेवलेत.

कंत्राटाने खेडेगावालाही तयार, शिकलेला पोलीस मिळतो, हे खरंच मोठं काम. पण मालक कोण? कशावर भर द्यायचा हे महापौर सांगू शकतात. शिस्त आणि बदल्या दलाच्या हातात. 2021 मध्ये पोलिसांच्या संघटनेचा पहिला पगार-करार केंद्राशी झाला आणि मागच्या वर्षांचा फरक शहरांच्या गळ्यात पडला. वाटाघाटीच्या टेबलावर शहरं नव्हतीच. मुलीकडच्यांना न विचारता जेवणावळ ठरवावी, तसं.

सरेने शेवटी स्वतःचं दल काढलं. 29 नोव्हेंबर 2024 पासून सूत्रं त्यांच्याकडे. पण एवढ्या मोठ्या शहराला पुरतील इतके पोलीस एका रात्रीत कुठून येणार? परवा कोपऱ्यावर अपघात झाला, तेव्हा एका गाडीवर शहराचं नाव होतं आणि तिच्या मागे उभ्या गाडीवर तोच घोडेस्वार.