घराच्या प्लॅनला गेमिंग लॅपटॉप कशाला?

वडखळच्या आमच्या घरावर मजला चढवायचाय. प्लॅन काढायला म्हणून बाबा गेमिंग लॅपटॉप घ्यायला निघाले होते. म्हटलं, बाबा थांबा, ते पैसे सिमेंटला लागतील.

'स्वीट होम थ्रीडी' फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. वर भिंती आखा, खाली थ्रीडी दिसतं. माझ्या जुन्या ८ जीबी रॅमवर नीट चाललं. फोटोसारखं चित्र प्रोसेसर काढतो, म्हणून वेळ लागतो; रात्री लावून झोपायचं. महागडं ग्राफिक्स कार्ड ब्लेंडरसारख्या कामाला. नवीन घेणारच असाल तर आधी एसएसडी आणि १६ जीबी रॅम बघा.

आणि हो, जिना आईच्या देवघरावर येत होता, ते स्क्रीनवरच कळलं. बीम-कॉलमचं मात्र सिव्हिलवाल्यालाच विचारा. मी पडलो सॉफ्टवेअरवाला!