धूर कुठे सोडायचा?

अमेरिकेतल्या युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर लेक पॉवेल नावाचा प्रचंड जलाशय आहे. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण बांधून १९६३ साली पाणी अडवलं गेलं आणि लाल खडकांच्या शेकडो घळींमध्ये ते पसरलं. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीला टेकतो. तरीही हजारो कुटुंबं हाउसबोट भाड्याने घेऊन चार-आठ दिवस पाण्यावरच मुक्काम ठोकतात. बोटीत एसी, फ्रीज, मायक्रोवेव्ह असं सगळं असतं आणि त्यासाठी पेट्रोलवर चालणारा जनरेटर तासन् तास सुरू असतो.

ऑगस्ट २००० मध्ये अशाच एका बोटीजवळ ८ आणि ११ वर्षांचे दोन भाऊ पोहत होते. पोहता पोहता ते बोटीच्या मागच्या प्लॅटफॉर्मखालच्या पोकळीत शिरले. जनरेटरचा धूर सोडणारं तोंड नेमकं त्याच पोकळीत होतं. दोघंही बेशुद्ध होऊन बुडाले.

चौकशी झाली नसती, तर या मृत्यूंची नोंद कदाचित नुसती ‘बुडून मृत्यू’ अशीच झाली असती. पण रक्त तपासलं गेलं आणि खरा मारेकरी सापडला: कार्बन मोनॉक्साइड.

पोकळीत काय होतं?

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेचे तज्ज्ञ मोजमापाची यंत्रं घेऊन अशा बोटींवर गेले. प्लॅटफॉर्मखालची जागा म्हणजे पाण्यावर पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखी: तीन बाजूंनी बंद, वर डेक, खाली पाणी. जनरेटर सुरू असताना तिथल्या हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे ६,००० ते ३०,००० भाग आढळले. जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे १,२०० भाग. एरवी हवेत २१ टक्के असणारा प्राणवायू तिथे १२ टक्क्यांपर्यंत खाली आला होता.

त्या भागात आपत्कालीन वैद्यकीय सेवा पाहणारे डॉ. रॉबर्ट बॅरन यांनी तिथल्या जुन्या नोंदी चिकाटीने तपासल्या. १९९० ते २००० या काळात लेक पॉवेलवर बोटींमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या १११ व्यक्तींची नोंद मिळाली. त्यातल्या ७४ जणांना ती हाउसबोटींवर झाली होती आणि त्यांपैकी ६४ जणांच्या बाबतीत एकटा जनरेटरच कारणीभूत होता. दशकभर जे सुटे सुटे अपघात वाटत होते, त्यांतल्या अनेकांमागे बोटीच्या रचनेतली एकच चूक होती.

मळमळ, डोकेदुखी आणि गैरसमज

पेट्रोल पूर्ण जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायांतली शक्ती जाते. बोटीवर याला सगळे ‘बोट लागली’ म्हणतात, ‘ऊन लागलं’ म्हणतात आणि माणसाला आराम करायला केबिनमध्ये झोपवतात. केबिनमध्येच वायू साचला असेल, तर तो माणूस उठत नाही. पाण्यात असलेल्याला तर तेवढाही अवधी मिळत नाही.

‘मोकळ्या हवेत कसली विषबाधा?’ हा समज म्हणूनच घातक आहे. जनरेटरचा गरम धूर बहुधा थंड करणाऱ्या पाण्यात मिसळून, पाण्याच्या पातळीजवळ बाहेर सोडतात. आवाज आणि उष्णता कमी होते, पण वायू पोहणाऱ्याच्या नाकातोंडाशीच येतो. बोट चालू असताना तिच्यामागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर उलटा डेककडे खेचला जातो. शेजारी नांगरलेल्या दुसऱ्या बोटीचा धूरही आपल्या खिडकीतून आत येऊ शकतो.

उपाय नळीच्या तोंडाशी

लेक पॉवेलच्या चौकशीतून निघालेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. ‘लोकांनी काळजी घ्यावी’ असं सांगून तज्ज्ञ थांबले नाहीत. धूर कुठे सोडायचा, हा प्रश्न त्यांनी बांधणीचा मानला. २००१ साली अमेरिकी तटरक्षक दलाच्या पुढाकाराने प्लॅटफॉर्मखाली धूर सोडणाऱ्या हाउसबोटी दुरुस्तीसाठी परत मागवल्या गेल्या. जनरेटरची नळी उभी करून धूर छताच्याही वर सोडला, तर माणसांच्या वावरातलं वायूचं प्रमाण प्रचंड घटतं, हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं गेलं. पुढे काही कंपन्यांनी इंधनाचं नेमकं इंजेक्शन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वापरून अत्यंत कमी कार्बन मोनॉक्साइड सोडणारे जनरेटर बाजारात आणले.

याच्या नेमकी उलट गोष्ट इंग्लंडमधल्या विंडरमियर सरोवरावर घडली. २०१३ च्या ईस्टरमध्ये तिथे एका बोटीवर आई आणि तिची १० वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडल्या. घरगुती वापराचा, हाताने उचलून नेण्याजोगा जनरेटर इंजिनाच्या कप्प्यात बसवला होता आणि त्याला सायलेन्सर घरच्या घरी जोडला होता. तो जोड निखळला आणि धूर फटींमधून केबिनमध्ये शिरला. बोटीवर धोक्याची सूचना देणारी यंत्रणा होती, पण तिची वीजजोडणी तोडलेली होती. ब्रिटनमध्ये अशा दुर्घटनांनंतर १ एप्रिल २०१९ पासून, नदी-कालव्यांवर फिरणाऱ्या आणि राहण्याची सोय असलेल्या बोटींच्या सुरक्षा तपासणीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला.

आपण जाताना

दिवाळीच्या सुटीत केरळच्या बॅकवॉटरमध्ये हाउसबोटीवर रात्र काढणारी मराठी कुटुंबं कमी नाहीत. अमेरिकेतली आपली मुलं-नातवंडंही तिथल्या जलाशयांवर बोटी भाड्याने घेतात. डिझेल जनरेटर पेट्रोलच्या मानाने बराच कमी कार्बन मोनॉक्साइड सोडतो; पण बंद जागेत, फुटक्या नळीपुढे, त्याच्याही भरवशावर झोपू नये.

बोट ठरवतानाच विचारा: जनरेटर कुठे आहे, धूर कुठून बाहेर पडतो, झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? बोटीवर चढल्यावर बटण दाबून तो वाजवून बघा. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही, हे लक्षात ठेवा. जनरेटर किंवा इंजिन सुरू असताना बोटीच्या मागच्या भागात कुणी पोहायचं नाही, तिथल्या फळीवर बसायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही. जनरेटर सुरू असलेल्या शेजारच्या बोटीपासून किमान २० फुटांचं अंतर राखा. हाताने उचलून नेण्याचा जनरेटर बोटीवर आणूच नका. बोट स्वतःची असेल, तर नळ्या, जोड, क्लॅम्प यांची तपासणी दर हंगामात करा. गंजाची भोकं आणि काजळीचे डाग हीच गळतीची खूण.

एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं, तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा, जनरेटर बंद करा आणि मदत बोलवा. पाण्यात बेशुद्ध पडलेल्याला वाचवायला उडी मारण्याआधी इंजिन आणि जनरेटर बंद झालेच पाहिजेत. नाहीतर वाचवणाराही जातो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. विषारी वायूने भरलेलं रक्तही त्याला प्राणवायूने भरल्यासारखं दिसतं आणि आकडा ९८ दाखवू शकतो. रुग्णालयात ‘बोटीवर जनरेटर सुरू होता’ हे आवर्जून सांगा, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी होईल. नुसत्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे दीड तास.

बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाने नळीची दिशा ओळखायला शिकावं, असं आपण म्हणू शकतो. पण आठ वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा कशी करणार? म्हणून पहिली जबाबदारी बांधणाऱ्याची, मग बोट भाड्याने देणाऱ्याची आणि परवाना देणाऱ्याची. मुक्कामाच्या प्रत्येक बोटीवर चालू अलार्म आणि माणसांपासून दूर, उंच सोडलेला धूर या दोन गोष्टी लाइफ जॅकेटइतक्याच गृहीत धरल्या जायला हव्यात. त्या नसतील, तर गिऱ्हाइकाने पैसे परत मागून दुसरी बोट बघावी. दहा गिऱ्हाइकांनी तसं केलं, की अकरावा विचारण्याआधीच अलार्म बसलेला असेल.