आधी नोंद, मग सल्ला : अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ

दिवाळीच्या पाडव्याला जामनेरच्या पेठेत नवी वही उघडली जाते आणि जुनी वही माळ्यावर जाते. कापूस, सरकी, धान्य, केळी, उधारी, हुंडीचा वटाव, मजुरी, गाडीभाडे अशी एका तालुक्याच्या अर्थव्यवहाराची वर्षभराची हकीकत त्या लाल कापडाच्या बांधणीत असते. पुढे घर बांधताना किंवा वाटणी होताना त्या वह्या बहुधा रद्दीत जातात. आता हिशेब संगणकावर आला, त्यामुळे त्यांची अडचणच अधिक वाटते.

ज्या अर्थतज्ज्ञाने असे किरकोळ वाटणारे आकडे गोळा करण्यात आयुष्य घालवले, आणि नंतरच राज्यकर्त्यांना सल्ला दिला, त्यांची ओळख व्यापारी घरांतील तरुणांना असावी म्हणून हा लेख. ते अर्थतज्ज्ञ म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ.

पुण्यातील छत्तीस वर्षे

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात आणि उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील हा ग्रंथ पुढे कित्येक दशके महाविद्यालयांतून अभ्यासला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाला आलेली तेजी, रेल्वेने बदललेला व्यापार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने हे त्यातील विषय खानदेशाला परके नाहीत. पाचोरा ते जामनेर ही छोटी रेल्वे १९१९ साली सुरू झाली, ती याच कापसाच्या मुलखातून.

सुरतेच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्यपद भूषवून गाडगीळ १९३० साली पुण्यास आले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था तेव्हाच स्थापन झाली होती. तिचे पहिले संचालक म्हणून त्यांनी १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे काम केले. संस्थेची आरंभीची पाहणी कशावर होती? पुण्याच्या बाजारात फळे कशी येतात आणि कशी विकली जातात, यावर. १९३३ साली ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर मोटार-बस वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च, पुणे शहरातील कुटुंबांचे राहणीमान, अशा पाहण्या एकामागून एक झाल्या. अडत्याच्या ओट्यावर आणि शेतकऱ्याच्या अंगणात बसून माहिती टिपायची, ती पडताळायची आणि मग मत द्यायचे, ही शिस्त त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना लावली. रोजमेळ लिहिल्यावाचून खतावणी होत नाही आणि खतावणीवाचून ताळेबंद जुळत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

न ऐकलेला सल्ला

सरकारला सल्ला देणाऱ्याची खरी कसोटी लोकमत विरुद्ध असताना लागते. गाडगीळांवर ती वेळ १९४७ साली आली. युद्धकाळापासून धान्यावर नियंत्रण होते. ए. डी. गोरवाला आणि गाडगीळ यांच्या वस्तू-किंमत मंडळाने नियंत्रण एकाएकी उठवू नये असे मत दिले. व्यापारी वर्गाला ते रुचणारे नव्हते. शिवाय खुद्द महात्मा गांधी नियंत्रणे उठवावीत या मताचे होते. डिसेंबर १९४७ मध्ये सरकारने नियंत्रण उठवण्यास आरंभ केला. भाव भराभर चढले, आणि १९४८ च्या उत्तरार्धात नियंत्रण पुन्हा आणावे लागले.

यावरून नियंत्रण हेच सदैव हितकर, असा अर्थ कोणी काढू नये. परवाने आणि निर्बंध यांचा जाच आपल्या पेढ्यांनी पुढे पुष्कळ सोसला. परंतु टंचाईच्या काळात साठा किती आणि गरज किती, हे मोजून मत देणाऱ्याचे म्हणणे गोड नाही म्हणून दूर सारले, तर त्याची किंमत शेवटी गिऱ्हाइकाला द्यावी लागते, एवढा बोध त्यातून नक्की घ्यावा.

शंभर रुपयांचा हिशेब

आपल्या घरांशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे, ते काम म्हणजे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी. रिझर्व्ह बँकेने योजलेल्या या पाहणीच्या संचालक समितीत गोरवाला अध्यक्ष, तर गाडगीळ सदस्य होते. १९५१-५२ साली ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा झाली. १९५४ च्या अहवालाने काय दाखवले? शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जात सुमारे ४५ रुपये धंदेवाईक सावकाराचे, २५ रुपये शेती करून सावकारी करणाऱ्याचे आणि साडेपाच रुपये व्यापारी-अडत्यांचे होते. सहकारी संस्थांचे अवघे तीन रुपये, सरकारचेही जवळजवळ तितकेच, आणि बँकांचा तर एक रुपयाही नव्हता.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. पेरणीच्या आणि लग्नकार्याच्या वेळी शेतकऱ्याला दुसरे दार नव्हते आणि आपल्या पूर्वजांचे दार उघडे होते, हे एक सत्य. दुसरे दार नसल्यामुळेच व्याजाचा दर एकाच बाजूने ठरत असे आणि कित्येकांची जमीन त्यात गेली, हे दुसरे सत्य. पहिले सांगून दुसरे लपवणे हे जमेची बाजू लिहून नावेची बाजू कोरी ठेवण्यासारखे होय.

समितीचा निष्कर्ष असा होता की सहकार अपयशी ठरला असला तरी तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही. तिच्या शिफारशीवरून १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. गाडगीळ नुसते अहवाल लिहून थांबले नव्हते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते.

दिल्लीतील चार वर्षे

१९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राकडून मिळणाऱ्या योजना-साहाय्याला तोवर निश्चित माप नव्हते. वाटप योजनेगणिक होई आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे फावे. भागीदारीपत्र नसलेल्या पेढीत काय होते, हे आपण जाणतोच. १९६९ साली मान्य झालेल्या ‘गाडगीळ सूत्रा’ने विशेष अडचणीच्या काही राज्यांची तरतूद आधी केली. उरलेल्या रकमेचे ६० टक्के लोकसंख्येवर आणि दहा-दहा टक्के दरडोई उत्पन्नाची तूट, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास समस्या यांवर, अशी वाटणी ठरली.

त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटाने सुचवले की बँकांच्या कामासाठी जिल्हा हा घटक मानावा. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली. जळगाव जिल्ह्यासाठी ही जबाबदारी सेंट्रल बँकेकडे आहे. जिल्ह्यात कोणत्या कामाला किती कर्ज द्यावे याचा वार्षिक आराखडा आजही याच योजनेतून होतो. दिल्लीतील पद सोडल्यावर थोड्याच काळात, ३ मे १९७१ रोजी गाडगीळांचे निधन झाले.

आपल्याकडे उरलेले काम

आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावर गाडगीळांनी एक छोटा ग्रंथ लिहिला. तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या अधिकाराच्या माणसाने त्याच्या उपशीर्षकात त्याला ‘अंतरिम अहवाल’ म्हटले. पुढचा अहवाल पूर्ण करण्याची साधने कोठे आहेत? त्यांतील काही जामनेर, पाचोरा, चोपडा, अमळनेर, शिरपूर येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर आहेत.

यंदा पाडव्याला जुन्या वह्या खाली काढाल तेव्हा त्या रद्दीत घालू नका. वर्ष आणि गाव लिहून त्या कोरड्या जागी ठेवा, आणि शक्य असेल तर एखाद्या विद्यापीठाच्या वा संशोधनसंस्थेच्या स्वाधीन करा. घरातील एखाद्या मुलाला वा मुलीला आकड्यांची आवड असेल, तर सनदी लेखापाल होण्याबरोबरच अर्थशास्त्राचे संशोधन हाही एक मार्ग आहे, हे तिला अवश्य सांगा. त्या वाटेवर पैसा उशिरा येतो. परंतु पुढच्या वेळी कापसाचे, कराचे वा कर्जाचे धोरण ठरेल, तेव्हा पेढीचा हिशेब आतून जाणणारे कोणीतरी तेथे बसलेले असेल.