७०००३४ : बेहालाच्या पिनकोडचं गणित

दक्षिण कोलकात्यात डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांना पसरलेलं बेहाला आपल्याला माहीत आहे ते सौरव गांगुलीमुळे. टपालखात्याच्या लेखी ते ७०००३४. सहा आकड्यांची ही पद्धत एका मराठी माणसाची. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. पहिला ७ पूर्व विभागाचा, ७०० म्हणजे कोलकाता आणि शेवटचे ३४ जुन्या ‘कलकत्ता-३४’चे, आपल्या ‘पुणे ३०’चं जसं ४११०३० झालं तसंच.

ही संख्या पत्त्यासाठी रचली गेली. पण संख्या म्हटली की तिला अवयव आलेच, आणि ७०००३४ चे अवयव कागद-पेन्सिल घेऊन शोधण्याजोगे आहेत. दोनने भाग जातो, उरतात ३५००१७. मग ३, ५, ७, ११ असं चढत गेलं तर ३७ पर्यंत काहीच हाती लागत नाही. ४१ ला मात्र एक सुंदर आडवाट आहे. ९९९९९ ला ४१ ने पूर्ण भाग जातो, भागाकार २४३९. म्हणजे एक लाखाला ४१ ने भागलं की बाकी १ उरते आणि सात लाखांना भागलं की ७. त्यात आपले ३४ मिळवा : ७ + ३४ = ४१. भाग गेला! विभागाचा आकडा आणि जुना कलकत्त्याचा आकडा यांच्या बेरजेतच हा अवयव बसलेला आहे. मला तरी ही जागा फार आवडते.

राहिला ८५३७. त्याला ८९ पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग जात नाही; पुढची मूळ संख्या ९७, आणि तिचा वर्गच ९४०९ होतो. तेव्हा ८५३७ मूळ संख्या. ७०००३४ = २ × ४१ × ८५३७.

यातून आणखी एक गोष्ट निघते. चारने भागल्यावर १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. हे फर्माने सतराव्या शतकात सांगितलं, ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलं. ४१ म्हणजे २५ + १६. ८५३७ म्हणजे ९१ चा वर्ग अधिक १६ चा वर्ग. दोन म्हणजे १ + १. अशा बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच होतो, म्हणून बेहालाचा पिनकोड दोन तऱ्हांनी मांडता येतो : ८३५² + ५३² आणि ८०३² + २३५². पडताळून पाहा.

सदाशिव पेठेच्या ४११०३० ला हे जमत नाही. तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव ४५६७, आणि त्याला चारने भागलं की ३ उरतात. पण तिच्या अंकांची बेरीज ९ आणि त्या ९ ने तिला भाग जातो. देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना ‘हर्षद’ म्हटलं आहे. बेहालाच्या अंकांची बेरीज १४; तिने ७०००३४ ला भाग जात नाही.